काय जेवलात?

निवृत्तीच्या दिवशी मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं. तेहतीस वर्षं घड्याळ बघत गोळ्या-इंजेक्शनं दिली, आता घरी बसून नुसतं घड्याळ बघा, असा त्याचा अर्थ असावा. मी ते स्वयंपाकघरात लावलं. आता कुणाला सुई टोचायची नाही आणि कुणाला शिस्त शिकवायची नाही, असं ठरवूनही टाकलं. दोन महिने ठरवल्यासारखे गेले आणि तिसऱ्या महिन्यात बिराजदार सरांचा फोन आला.

बिराजदार सर मूळचे निलंग्याकडचे. लातूरच्या ट्यूशन एरियात त्यांचा फिजिक्सचा क्लास आहे. त्यांच्या आई माझ्या वॉर्डात महिनाभर होत्या, तेवढ्या ओळखीवर त्यांनी मला गाठलं.

"मॅडम, फिजिक्स मी शिकवतो. केमिस्ट्रीला माणूस आहे, बायोलॉजीला दोन आहेत. ह्या माणुसकीच्या चाप्टरला मात्र कुणीच मिळून नाही राहिलं. तेवढं तुम्ही घ्या."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण माणूस अगदी गंभीर होता.

झालं होतं असं. एका ट्रस्टच्या नर्सिंग कॉलेजानं प्रवेशाला नुसते मार्क बघणं बंद केलं होतं. मार्कांबरोबर आणखी एक परीक्षा ठेवली होती, प्रसंगांची. एक लेखी पेपर, आणि त्यात जे निभावतील त्यांची तोंडी. कॉलेज चांगलं, वसतिगृह आतच, शिकून बाहेर पडलं की नोकरी जवळजवळ ठरलेली. त्यामुळे लातूरची पोरं तुटून पडली. लातूरला परीक्षा कोणतीही येऊ द्या, आठवड्यात तिचा क्लास निघतो आणि पंधरा दिवसांत त्याच्या नोट्स झेरॉक्सच्या दुकानात मिळतात.

बाहेरच्या वाचकांना सांगते, ही परीक्षा कशी असते. समजा असं दिलेलं असतं: तुम्ही वॉर्डात नव्या आहात. तुमच्याबरोबरच्या मुलीनं ताप न मोजताच तक्त्यात आकडा लिहिलेला तुम्ही पाहिला. आता तुम्ही काय कराल? तिला बाजूला घेऊन विचाराल, थेट मेट्रनबाईंकडे जाल, गप्प बसाल, की स्वतः जाऊन ताप मोजाल? यातलं सगळ्यात बरं कोणतं, सगळ्यात वाईट कोणतं, ते लावायचं. पुस्तक पाठ करून उपयोग नाही, कारण विचारलेलं पुस्तकातलं नसतंच. तुम्हाला आधी कुणाची आठवण येते, पेशंटची, मैत्रिणीची की स्वतःच्या कातडीची, एवढंच त्यांना बघायचं असतं.

पहिल्या दिवशी वर्गात गेले तर चाळीस पोरं पेनं उघडून तयार. मी म्हटलं, लिहायचं काही नाही, ऐका. त्यांचे चेहरे पडले. एकानं धीर करून विचारलं, "मॅडम, ट्रिक काय आहे?" ट्रिका त्यांच्याकडे आधीच होत्या. सगळ्यात लांबलचक पर्याय तो बरोबर. 'ताबडतोब' शब्द असला की चूक. आणि 'वरिष्ठांना कळवीन' दिसलं की डोळे मिटून टिक मारायची.

"आणि वरिष्ठ मीच असले, आणि मीच चुकत असले तर?" मी विचारलं.

"मग तुमच्या वरिष्ठांना," तो म्हणाला. वर्ग हसला, मीही हसले. मी नांदेडची, मला हजरजबाबी माणसं आवडतात. पण पुढे माझाच प्रश्न माझ्यावर उलटणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं.

मी बिराजदार सरांना म्हटलं, छापील प्रश्न राहू द्या, मी माझ्या वॉर्डातले प्रसंग देते. उमरीला असताना एकदा साप चावलेला पेशंट आला, आणि त्याच्यामागे सगळं गाव. त्यातला एक चुलता डॉक्टरांच्या अंगावर धावून जात होता. हा प्रसंग वर्गात टाकला तर गजानन नावाचा एक मुलगा उभा राहिला. तोही उमरीकडचाच.

"आधी त्येला दोन ठिवून दीन, मॅडम."

"आणि मग?"

"मग वरिष्ठांना कळवीन."

मी मेले हसून. मग खरं काय केलं ते सांगितलं. त्या चुलत्याच्या हातात मी सलाईनची बाटली दिली. म्हटलं, काका, स्टँड मोडलाय, ही वर धरा, हात खाली आला तर सलाईन थांबंल. ते दोन तास पुतळ्यासारखे उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. स्टँड मोडलेला नव्हता, तो मी पडद्यामागे सरकवला होता. ओरडणाऱ्या माणसाला भीती वाटत असते, त्याला काहीतरी करायला पाहिजे असतं. गजाननला हे इतकं पटलं की पुढे तो कोणत्याही प्रसंगात कुणाच्या ना कुणाच्या हातात बाटली देऊ लागला.

आणखी एक गोष्ट मी त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवली. म्हटलं, माझ्याकडून दुसरं काही घेऊ नका, एवढं घ्या. पेशंटला 'जेवलात का?' असं कधी विचारायचं नाही. 'काय जेवलात?' असं विचारायचं. 'जेवलात का'ला आपल्याकडे एकच उत्तर असतं, हाव. उपाशी माणूस बी हावच म्हणतो. 'काय जेवलात' म्हटलं की त्याला भाकरी सांगावी लागते, भाजी सांगावी लागते, आणि नसेल खाल्लं तर तो अडखळतो. पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. हे मला कसं कळलं, ते मी सांगितलं नाही. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आता सांगते.

नोकरीचं सातवं वर्ष असेल. नांदेड सोडून पहिल्यांदाच लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात माझी बदली झाली. कोणता तालुका ते राहू द्या. मी नांदेड शहरात वाढलेली, घर मास्तरांचं, शेताचा संबंध भाजीपुरता. तिथे मार्गशीर्षातल्या अमावस्येला सकाळी ड्युटीवर निघाले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुकानं बंद, हॉटेलं बंद. मला वाटलं कुणीतरी मोठं माणूस गेलं. वॉर्डबॉय म्हणाला, "शिश्टर, आज येळवस हाय. समदे शेतात गेले." आणि तोही अर्ध्या तासात गेला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूरकडच्या माणसाला हे सांगायची गरज नाही, पण नांदेडच्या मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी घरातलं लहान-थोर माणूस शेतात जातं. ज्वारीच्या कडब्याची कोप, म्हणजे झोपडी, उभी करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात. मग सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे आणि ताकात ज्वारीचं पीठ घालून केलेलं आंबील. ते खायला रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून आणतात. आणि त्या दिवशी कुणी वाढलेलं नाही म्हणत नाहीत.

वॉर्डात मारुतीअप्पा म्हणून एक शेतकरी होते. साखरेचा आजार, पायाला जखम, दोन वेळा इन्सुलिन चालू. सोबतीला त्यांची बायको सुंदराबाई. दुपारी त्यांचा मुलगा शेतातून जेवण घेऊन आला. सुंदराबाई उठल्या, आणि नवऱ्याला वाढायच्या आधी मातीचं छोटं मडकं घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या.

"बाई, आंबील हाय. पयलं तुमी घ्या."

त्याच आठवड्यात वरून कागद आला होता, रुग्णांकडून कोणतीही वस्तू स्वीकारू नये. मी शिस्तीची. मान वर न करता म्हटलं, "मावशी, नियम आहे. आम्हाला घेता येत नाही. आणि हे आंबट-तिखट पेशंटलाही देऊ नका. परत पाठवा."

सुंदराबाईंनी मडक्यावर पदर घातला आणि परत गेल्या. मुलगा सगळं घेऊन निघून गेला. मला तर बरंच वाटलं. नियम पाळला, काम झालं.

दिवेलागणीला मी इन्सुलिन घेऊन गेले. विचारलं, "मावशी, दुपारी जेवले का हे? आता डबा आहे ना?" "हाव," सुंदराबाई म्हणाल्या. मी इंजेक्शन दिलं. तासाभरात मारुतीअप्पा घामानं डबडबले, डोळे फिरवायला लागले, हाक मारली तर ओ देईनात. साखर उतरली होती. मी धावत ग्लुकोज आणलं, डॉक्टरांना बोलावलं, शिरेतून दिलं. पाचएक मिनिटांनी त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पानी." मी भांडं त्यांच्या तोंडाला लावलं.

माणूस सकाळच्या न्याहारीनंतर उपाशी होता. येळवशीचं नाही खायचं तर काहीच नाही खायचं, असं म्हणून दवाखान्याचं जेवणही परत केलं होतं. आणि बायकोही तशीच.

डॉक्टर संतापले. सगळ्या वॉर्डासमोर सुंदराबाईंना बोलले. खोटं कशाला सांगितलं, नवरा मारायचा होता का, असं. मी शेजारी उभी होते. आंबिलाचं मी बोलले नाही. रात्रीच्या रिपोर्टात मी लिहिलं, 'नातेवाइकांनी चुकीची माहिती दिली.' शब्द न् शब्द खरा होता. आणि यापेक्षा खोटं वाक्य मी उभ्या जन्मात लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगाची चादर बदलताना मी हळूच विचारलं, "मावशी, मला खरं का नाही सांगितलं?" त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "येळवशीला दारावरच्या कुत्र्याला बी न्हाई म्हणत न्हाईत, बाई. तुमी मला न्हाई म्हणलात. मग तुमाला मनातलं कसं सांगावं?"

मी चादर खोचत राहिले. आठ दिवसांनी मारुतीअप्पा स्वतःच्या पायांनी घरी गेले. माफी मागायचं रोज मनात येत होतं आणि रोज काहीतरी काम निघत होतं. जाताना सुंदराबाईंनी मला 'येते बाई' म्हटलं, आणि तेवढ्यावरच राहिलं.

त्यानंतर मी लातूर जिल्ह्यातच राहिले, आणि दर येळवशीची ड्युटी मागून घेत गेले. सगळ्यांना शेतात जायचं असतं, त्यामुळे मला लोक देवमाणूस म्हणायचे. वॉर्डात कुणाचं आंबील आलं की सगळ्यांसमोर दोन घोट घ्यायचे, बाकीचं ज्यांना चालतं त्यांना वाटायचं, आणि वहीत नोंद करायची. कुणीही हरकत घेतली नाही. शेतात मात्र मी कधी गेले नाही. मला ते तोंड नव्हतं.

आता प्रतीक्षा. देवणीकडच्या एका गावची मुलगी. घरी शेती, गोठ्यात देवणी गाई. दोन वर्षं लातुरात खोली घेऊन डॉक्टरकीच्या परीक्षेला बसत होती. दोन्ही वेळा थोडक्यात गेलं. उंच, सावळी, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात 'पण मॅडम'नं. तिच्या वडिलांनी पहिल्याच भेटीत हात जोडले. "मॅडम, पोरगी तुमच्या पदरात घातली. पुढच्या साली धाकट्याचं लातूर हाय. खोली एकच. दोघं न्हाई जमायचे." म्हणजे यंदा तिला ही जागा मिळाली तर ती शिकणार, नाहीतर लातूरची खोली भावाला आणि ती परत गावाला. गावाला तिचं काही वाईट होणार नव्हतं, घर प्रेमळ होतं. पण तिला शिकायचं होतं, आणि तिला शिकू द्यावं अशी ती होती.

लेखी पेपर लातूरलाच संगणकावर झाला. आमच्या वर्गातले सहा जण पास झाले, त्यात प्रतीक्षा आणि गजाननही. तोंडी नांदेडला होती. तयारीसाठी मी परीक्षक बनून बसायची आणि एकेकाला बोलवायची. प्रतीक्षाच्या पाळीला काय मनात आलं कुणास ठाऊक, मी माझाच प्रसंग टाकला. माझं नाव घेतलं नाही. म्हटलं, एक सिस्टर आहे. पेशंटची बायको सणाचं जेवण घेऊन येते. नियम आहे की काही घ्यायचं नाही. काय कराल?

सरांच्या नोट्समध्ये असल्या प्रश्नाचं उत्तर छापलेलं होतं, नम्रपणे नकार आणि वरिष्ठांना माहिती. प्रतीक्षानं ते वाचलेलं होतं. तरी ती म्हणाली, "पण मॅडम, सण कंचा?"

"कोणता का असेना. समज, येळवस."

ती हसली. "मग घ्यायचंच, मॅडम. घोटभर का व्हईना. समद्यांसमोर घ्यायचं आणि वरिष्ठांना सांगायचं, मी घेतलंय म्हणून. न्हाई म्हणलं तर ती बाई दुसऱ्या दिवशी आपल्याला काहीच खरं सांगायची न्हाई."

वीस वर्षांच्या पोरीनं, जिचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, सुंदराबाईंचं वाक्य माझ्या तोंडावर आणून ठेवलं होतं.

आणि मी काय केलं? मी तिला झापलं. म्हटलं, "घरच्या गप्पा घरी. परीक्षेत असलं बोललीस तर गुण जातील. नियम म्हणजे नियम. नम्रपणे नकार, वरिष्ठांना माहिती. म्हण माझ्यामागे." तिनं मान खाली घालून म्हटलं. मला तिच्या जागेची काळजी होती हे खरं. पण नुसती तीच होती, असं मी कुणाला सांगत नाही.

तोंडीच्या दिवशी तिच्या वडिलांना जमेना, गाय व्यायला झाली होती. तिनं नांदेड पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, मी नेते, माझं माहेर आहे. सकाळच्या एसटीत आम्ही दोघी बसलो. गजानन आदल्या दिवशीच उमरीला जाऊन तिकडून येणार होता. खिडकीशी ती बसली आणि वहीतलं पुटपुटायला लागली. अहमदपूर गेलं तरी तिचं तेच, "नम्रपणे नकार, वरिष्ठांना माहिती. नम्रपणे नकार..."

मला ऐकवेना. तेहतीस वर्षांत मी एक चांगली गोष्ट शिकले होते, ती ह्या पोरीला जन्मतः येत होती, आणि मी ती तिच्याकडून पुसून घेतली होती. लोहा यायच्या आधी मी तिच्या हातातली वही मिटली.

"प्रतीक्षा, ती सिस्टर मी होते."

आणि मग सगळं सांगितलं. मडकं, पदर, इन्सुलिन, घाम, डॉक्टरांचं ओरडणं. रिपोर्टातलं ते वाक्यही सांगितलं. एसटीच्या खडखडाटात मला जरा मोठ्यानं सांगावं लागत होतं, पुढच्या सीटवरच्या बाईनंही ऐकलं असणार. ऐकू दे म्हटलं.

ती खिडकीकडे बघत ऐकत होती. मग वळली, आणि डोळ्यात राग होता.

"मॅडम, हे आता सांगून राहिलात? तीन तासांवर परीक्षा आली तवा?"

"हो. उशीरच झाला."

"मग आता मी काय सांगू तिथं?"

"मला माहीत नाही. उत्तरतालिका मी पाहिलेली नाही. पण मी तुला जे घोकायला लावलं ते भीतीनं लावलं. तुझं उत्तर बरोबर होतं. एवढं मला सांगायलाच पाहिजे होतं."

नांदेडच्या स्टँडवर मी चहा विचारला तर नको म्हणाली. हात दाखवून अवलक्षण केलं, म्हटलं. आपलं मन मोकळं करायला पोरीची परीक्षा वापरली. गुमान बसले असते तर काय बिघडत होतं?

केंद्राबाहेर गजानन भेटला, नवा शर्ट घालून. तो आधी आत गेला आणि हसत बाहेर आला. मग प्रतीक्षाला बोलावलं. वीस मिनिटांचं काम, ती अर्ध्या तासानं आली. मी विचारलं, "काय विचारलं?"

"सांगते मग," ती म्हणाली. येताना एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. ती रागावलेली नाही एवढं त्यावरून कळलं. बाकी काही कळलं नाही.

तीन आठवडे मी वर्गावर नीट लक्ष देऊ शकले नाही. बिराजदार सर म्हणाले, मॅडम, तुमचाच निकाल लागायचाय वाटतं. म्हटलं, हो तर. मग एका दुपारी फोन वाजला, तिचे वडील होते. एवढंच म्हणाले, "मॅडम, नाव हाय." मी त्यांच्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं. गजाननचं नाव नव्हतं. तो पुढे लॅबच्या कोर्सला लागला आणि तिथे बाटल्या धरायला भरपूर आहेत असा त्याचा निरोप आला.

गेल्या येळवशीला प्रतीक्षा सुट्टी काढून गावी आली आणि आदल्या दिवशी तिचा फोन. "मॅडम, उद्या शेतात यायचं. पप्पा न्यायला येतील. न्हाई म्हणायचं न्हाई."

नाही म्हणायची माझी हिंमतच नव्हती. एवढी वर्षं लातूर जिल्ह्यात काढली, पण येळवशीला शेतात मी पहिल्यांदा गेले. ज्वारी पुरुषभर उंच, कडब्याची कोप, तिच्यावर हिरवी साडी, बाजूला झाडाखाली त्यांच्या पांढऱ्या-काळ्या देवणी गाई बसलेल्या, सकाळचं कोवळं ऊन पडलेलं. लातूरची आणि पुण्याहून आलेली पाहुणे मंडळी, सगळी सतरंजीवर. पूजा झाली. कानडी मिसळलेल्या आरोळ्या देत पुरुषमाणसांनी शेताच्या चारी बाजूंना आंबील शिंपडलं. मग तिच्या आईनं मातीच्या मडक्यातून तांब्या भरला आणि सगळ्यांच्या आधी माझ्यापुढे धरला.

"बाई, पयलं तुमी घ्या."

प्रतीक्षानं त्यांना काही सांगितलेलं नव्हतं, मी नंतर विचारून घेतलं. ती तिथली रीतच आहे, पाहुण्याला आधी. मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि मला रडू आलं. लपवलं नाही. तिची आई म्हणाली, लई तिखट झालंय का, आणि सगळे हसले.

जेवणं झाल्यावर प्रतीक्षा माझ्याशेजारी येऊन बसली. म्हटलं, "आता तरी सांग. नांदेडला काय विचारलं होतं?"

"सणाचं कायच न्हाई विचारलं, मॅडम." ती कडब्याची काडी मोडत होती. "त्यांनी विचारलं, तुमच्या हातून चूक झाली आणि ती तुमच्याशिवाय कुणालाच माहीत न्हाई, तर काय कराल?"

"मग?"

"मी म्हणलं, लगेच सांगीन असं मला आज तरी छातीठोक म्हणता येत न्हाई. भ्या वाटंल. पण माझ्या एक मॅडम हायत. त्यांनी आज सकाळी एसटीत त्यांची चूक मला सांगितली. कुणी विचारलं नव्हतं. सांगितली नसती तरी चाललं असतं. त्यांना सांगायला लई वर्षं लागली." तिनं काडी टाकली. "मला त्यांच्यासारखीच सिस्टर व्हायचंय म्हणलं. फक्त मी त्याच दिवशी सांगीन."

सुंदराबाई आणि मारुतीअप्पा आता कुठे असतील, असतील की नाही, मला माहीत नाही. त्यांची माफी मागायची राहिली ती राहिलीच, ती कुणी दुसरं भरून देऊ शकत नाही. पण माझ्या हातून झालेल्या सगळ्यात वाईट कामाचा कुणाला तरी, कुठेतरी, इतका उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. ज्या पेशानं मला हे दिलं त्याचे पाय धरावेत असं वाटलं.

ऊन उतरायला लागलं. तिचे वडील गाडी काढायला गेले. प्रतीक्षा भांडी गोळा करता करता माझ्यापाशी थांबली आणि वर्गात मी विचारायची तशा कडक आवाजात म्हणाली, "मॅडम, काय काय जेवलात?"

मी खरं ते सांगितलं. दोन उंडे, तीन वेळा भज्जी, आणि आंबील किती ते मोजलं नाही.